वाघाच्या फोटोमागं बेल्लमपल्लीपर्यंत

आमच्याकडचं माणूस बेल्लमपल्लीला कामाशिवाय जात नाही. तिथं कोळशाच्या खाणी, आपलं तिथं काय ठेवलंय. मी गेलो ते एका माणसाला एकच गोष्ट विचारायला. परत आल्यापासून गावात जो तो आपल्या मनचं जोडून सांगतो, म्हणून मीच लिहून ठेवतो. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तेलुगू कामापुरती समजते, वाचता येत नाही. लिहिण्यात चुकलं तर चुकलं, खोटं लिहिणार नाही.

फोटो तुम्ही पाहिलाच असेल. बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरवर होता, पेपरात होता, सगळ्यांच्या फोनमध्ये फिरला. म्हातारा माणूस वाकून कापूस वेचतोय, अन् त्याच्या मागं पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन ओळींमधी वाघ बसलाय. खाली लिहिलंय, निडर शेतकरी. दिल्लीला त्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं म्हणतात.

तो म्हातारा मी.

निडर म्हणतात ते ठीक, पण मागं वाघ होता हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्या दिवशी वेचणी करून घरी आलो, भाकर खाल्ली, झोपलो. पुढं कित्येक दिवसांनी माझ्या पोरानं, विलासनं, फोनवर फोटो दाखवला तेव्हा कळलं. विलास आदिलाबादला कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे, हंगामात रविवारीच घरी येतो. तो हसून दाखवत होता. मीही हसलो. पाणी प्यायला उठलो अन् आधी मागचं दार लावून आलो.

वाघ समोर आला असता तर भ्यालो असतो अन् विसरलो असतो. हा वाघ मला कधी दिसलाच नाही, म्हणून तो जातही नाही. तेव्हापासून माझी पाठ माझी राहिली नाही. बाज भिंतीला लावून घेतली. घरच्यांना सांगितलं वारा लागतो. पारावर बसायचं तर झाडाला टेकून. शेतात जाणं तर बंदच केलं, गुडघा दुखतो म्हणून. आमचं शेत तलमडुगुच्या, आमच्या गावाच्या, शेवटाला, नाल्याला लागून. नाल्यापलीकडं रान, अन् रानापलीकडून, पैनगंगेच्या तिकडून, हे वाघ येतात.

शेवटची वेचणी उभी होती. मजूर आमच्या शेतात यायला तयार नाहीत. फोटोनं आमचं शेत सगळ्यांना दाखवून ठेवलं ना. मग माझी सून रेखा एकटीच जायची. ती निघाली की मी ओसरीत बसून गुडघा चोळायचो, ती परत येईस्तोवर चोळायचो. ती रोज विचारायची, "मामाजी, गुडघ्याले तेल लावू का गरम करून?" तिला गुडघ्याचं खरं वाटत होतं की नाही, देव जाणे.

मग मनानं घेतलं, की ज्यानं फोटो काढला त्याला वाघ दिसत होता. मी दिसत होतो. तो ओरडला का नाही? मला मरू देणार होता का फोटोसाठी? एवढं कळलं तर माझी भीती जाईल असं वाटत होतं. विलासनं त्याचा पत्ता काढला, बेल्लमपल्लीला स्टुडिओ आहे म्हणाला. "फोनवर विचारा ना बाबा, इतक्या दूर कायले जाता?" मी म्हटलं, "असं तोंडावर विचारा लागते. फोनवर मानूस तोंड लपवते."

निघालो

रेखानं भाकरी, ठेचा अन् तिळाची चटणी बांधून दिली. डोक्याला बांधायचा दुपट्टा घडी करून हातात दिला, जसा रोज द्यायची. या दुपट्ट्यावरून आमचं एकदा वाजलं होतं. चांगल्या पांढऱ्या दुपट्ट्याला तिनं एका टोकाला काळ्या दोऱ्यानं रफू केलं अन् दोन बटनं लावली. मी म्हटलं, "हे काय ठिगळ लावलं माह्या दुपट्ट्याले? झोपलो का बटन टोचते." ती म्हणाली, "टोक उडते ना मामाजी वाऱ्यानं. बटनाचं टोक मानेवर राहू द्या, ऊन लागत नाई." मला जवळचं दिसत नाही, मी काही निरखून पाहिलं नव्हतं. सवयीनं तसाच बांधला अन् निघालो.

आदिलाबादच्या स्टँडावर एका पोरीनं ओळखलं. "आजोबा, तुमीच ना वाघवाले?" मग चार माणसं जमली. सगळ्यांना माझ्यासंगं फोटो पाहिजे. मी म्हटलं काढा, पण भिंतीपाशी. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो तेव्हा बरं वाटलं. एक जण म्हणाला, "बाबा, जराही भेव नाई वाटलं?" मी मिशीवरून हात फिरवला. तोंडानं काही बोललो नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही.

बसमध्ये शेवटच्या सीटवर बसलो. तिथं हाडं खिळखिळी होतात, पण मागं कोणी नसतं. उतनूरला बस बदलायची होती. पाट्या तेलुगूत. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं, पण वाघवाल्या बाबानं बसची पाटी विचारायची म्हणजे कसं. रंगावरून अंदाज केला अन् चढलो. तिकिटाला कंडक्टर आला तेव्हा कळलं, बस निर्मलला चालली. रस्त्यात उतरून उतनूरकडं पायी परत निघालो. दोन्ही बाजूंनी सागाची झाडं, पानं वाळून पडलेली, अन् त्या पानांवर माझ्याच पायांचा आवाज. थांबलो की आवाज थांबायचा. एकदा मी थांबलो तरी थांबला नाही. मी मागं पाहिलं नाही. नुसता चालत राहिलो, अन् उतनूर येईपर्यंत मान वळली नाही माझी. सरडा असेल.

नार्नूर

नार्नूरला माझी धाकटी बहीण लंका दिली आहे. मुक्काम तिच्याकडं. तिचं घर गावाच्या बाहेरच्या अंगाला, अन् पायवाट कापसाच्या शेतातून. तिथं जे पाहिलं ते लिहायलाच पाहिजे.

शेतात सातआठ बाया ओळीनं वाकून वेचत होत्या, माझ्याकडं पाठ करून. पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. पांढरी, गुलाबी, हसणारी तोंडं, डोळे उघडे, पापणी लवत नाही. हात पुढं कापसात चाललेत अन् तोंडं मागून माझ्याकडं पाहून राहिलीत. मी तिथंच थांबलो. मग एक बाई उभी झाली, वळली, तेव्हा तिचं खरं तोंड दिसलं. ती लंकाच होती.

"काऊन दादा, भूत पाह्यलं का?"

प्लास्टिकचे मुखवटे ते. जंगल खात्यानं वाटलेले, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ मागून येतो, समोर तोंड दिसलं तर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावातही वाटले होते, घरटी एक. रेखा आणून म्हणाली, मामाजी, बांधत जा. मी म्हटलं, "म्या बहुरूपी हाओ का? बापजाद्यानं मानसाच्या तोंडानं शेती केली." अन् तो मुखवटा चुलीत घातला. प्लास्टिक जळण्याचा वास घरात दिवसभर होता.

लंकाला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जलमाचा हेकट तू. त्या पोरीनं तुले सांभाळलं कसं?" तिनं तुरीच्या शेंगा मिठात उकडल्या होत्या, आंबाडीची भाजी, ज्वारीची गरम भाकर. पोटभर जेवलो. जेवताना तिनं विचारलं, "त्या फोटोवाल्याले काय म्हनशीन?"

"विचारीन, तू काऊन नाई ओरडला."

"आन तो म्हनला, म्या नाई ओरडलो, जा काय करते ते कर. मंग?"

यावर मी विचार केला नव्हता. ती म्हणाली, "मंग एक थोबाडीत मार आन माह्या नावानं एक." सकाळी पहिल्या बसला मला बसवून देताना हेच पुन्हा सांगितलं. केरामेरीच्या घाटात बस वळणं घेत होती, खाली धुकं भरलेलं. मी डोळे मिटून ती थोबाडीत कशी मारायची तेच मनात घोळवत होतो. त्यानं घाटाकडं लक्ष जात नव्हतं.

बेल्लमपल्ली

गाव वेगळंच. पत्र्याच्या अन् कौलाच्या एकसारख्या ओळी, खाणकामगारांची क्वार्टर. रस्त्याच्या कडेची पानंसुद्धा काळसर. स्टँडाजवळ खाल्लं तर भाताचा डोंगर वाढला, वर वरण अन् चिंचेचं पातळ. भाकर मागितली तर वाढणारा हसला. आमच्याकडं पाहुण्याला भात शेवटी, इथं सुरवातीपासून शेवटपर्यंत भातच.

स्टुडिओ लहान. आत तो फोटोवाला, राजन्ना, एकटाच. पन्नाशीचा, बारीक, लग्नाचे फोटो काढणारा माणूस. बाप खाणीत होता म्हणाला. मला पाहून त्याच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला.

"आप... वो आप हैं," एवढंच म्हणाला. त्याला मराठी थोडी समजते, बोलता येत नाही; तो हिंदीत बोलला, मी अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

मी लगेच विचारणार होतो. पण भिंतीकडं नजर गेली. एका भिंतीवर नवरा-नवरी. दुसऱ्या भिंतीवर मासिकांतून कापून चिकटवलेले फोटो, दुनियेतले नावाजलेले, तो म्हणाला. एकात लहान पोरगी रस्त्यानं पळतेय, अंगावर कपडा नाही, भाजलेली, तोंड आ केलेलं. एकात भुकेनं वाळलेलं लेकरू जमिनीवर वाकून पडलंय, अन् मागं गिधाड बसलंय.

त्या फोटोपुढून मला हलता येईना. वाकलेलं माणूस, मागं बसलेलं जनावर. बसण्याची तऱ्हा तीच.

"हे काढनारा कुठं होता?" मी विचारलं.

"सामने, दादा."

"मंग त्यानं काय केलं?"

राजन्ना म्हणाला, गिधाड हाकललं म्हणतात. पण सगळी दुनिया त्याला हेच विचारत राहिली, तू काय केलंस. बक्षीस मिळालं, अन् पुढं तो फार दिवस जगला नाही. अन् या पोरीचा फोटो काढला त्यानं तिला पाणी दिलं, दवाखान्यात नेलं, असं म्हणतात.

"आन तू?"

तो स्टुलावर बसला. फोटो काढायला नवऱ्या मुलीला बसवतात त्या स्टुलावर. मेहुण्याच्या घरी तलमडुगुकडं आला होता, सकाळी कापसाचे फोटो काढायला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेला, लांबून दिसणारा कॅमेरा घेऊन. आधी मी दिसलो. मग माझ्या मागं पराटी हलली.

"मैं मुँह खोला दादा. आवाज नहीं निकला. उँगली चलती रही. बाकी कुछ नहीं चला."

"उँगली चली आन जबान नहीं चली?"

"नहीं चली."

वाघ गेल्यावर हा तिथंच बसून राहिला, पाय उचलेनात. मला सांगायला यायचं होतं, पण मी गुणगुणत वेचत होतो म्हणे. शरम वाटली अन् निघून गेला. हे सगळं तो खाली पाहून सांगत होता. माझा विश्वास बसला नाही. भेवानं माणूस पळतो, लपतो, हे मी समजतो. पण ओरडायला काय लागतं? लेकरूही ओरडतं. माझा हात उचलला जाणार, तेवढ्यात तो म्हणाला, "लेकिन आप तो उसको देख रहे थे ना. पीछे वाले मुँह से."

मी म्हटलं, "कौनसा मुँह?"

तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दाराएवढा मोठा फोटो भिंतीला टेकवलेला, पण तोंड भिंतीकडं. "मेरेको भी डर लगता," म्हणाला, अन् फोटो फिरवला.

पेपरात अन् फोनमध्ये माझं डोकं कापसाच्या बोंडाएवढं दिसतं. इथं ते खऱ्या डोक्याएवढं होतं. वाघ दिसला. तो मांजरीसारखा पुढचे पाय जवळ घेऊन बसलाय. पण वाघ माझ्याकडं पाहत नव्हता. तो पाहत होता माझ्या मानेकडं. तिथं दुपट्ट्याच्या टोकावर दोन पांढरे डोळे होते. डोळ्यांवर काळ्या दोऱ्याच्या भुवया. खाली मिशी. दोन्ही बाजूंनी वर वळवलेली, माझ्यासारखीच.

डोक्यावरचा दुपट्टा सोडला अन् मांडीवर पसरला. बटनं. रफू. बोटं फिरवून पाहिलं तर भुवया हाताला लागल्या. मुखवटा मी जाळला, तर तिनं मला न सांगता माझ्याच डोक्याला दुसरं तोंड शिवून दिलं, अन् रोज सकाळी घडी घालून हातात देत राहिली.

राजन्ना म्हणाला, "वो बहुत देर बैठा रहा, उसीको देखते. फिर उठके गया. किसने बनाया?"

माझ्या सुनेनं, असं सांगणार होतो. पण तेव्हाच दुसरी गोष्ट ध्यानात आली. ते तोंड इथं माझ्या मांडीवर आहे. अन् रेखा शेतात आहे, वाकलेली, मागं काहीच नाही.

त्याच्या फोनवरून घरी लावला. वाजत राहिला. वेचताना फोन ओटीतून पडतो म्हणून ती घरीच ठेवते. विलासला लावला, जिनिंगच्या आवाजात त्याला कधीच ऐकू येत नाही. राजन्ना मला मोटरसायकलवर स्टँडावर सोडायला आला. बस सुटताना मी खिडकीतून म्हटलं, "ते निडर लिवलंय ना, ते पुसून टाक. आन लिवायचंच असन तर माह्या सुनेचं नाव लिव. रेखा." थोबाडीचं राहूनच गेलं.

परत

त्या वाटेचं मला काही सांगता येणार नाही. घाट कधी गेला, उतनूर कधी आलं, ठाऊक नाही. एवढं आठवतं की मी ड्रायव्हरच्या मागं, पहिल्या सीटवर बसलो होतो. पाठीमागं सारी बस भरलेली, अन् मला पाठीची आठवणही झाली नाही. दिसत होती ती दुसरीच पाठ. हिरव्या लुगड्यातली, वाकलेली. मनातल्या मनात मी तिच्या मागं वाघ बसवत होतो अन् उठवत होतो. बसवायचं नाही म्हटलं तरी तो येऊन बसायचा.

आदिलाबादहून ऑटो केला. फाट्यावर उतरून घरी न जाता थेट शेताकडं निघालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ऊन पिवळं झालं होतं. धुऱ्यावर चढलो तर रेखा दिसली. पराटीच्या शेवटच्या ओळीत, अगदी नाल्याच्या अंगाला, पाठ रानाकडं. हात भराभर चालले होते.

तिच्या मागं नाल्यातलं उंच गवत हललं.

वारा नव्हता. पराटीचं एक पान हलत नव्हतं, अन् गवत एकाच जागी हललं, थांबलं, पुन्हा हललं. मी हाक मारायला तोंड उघडलं. रेखा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडंच राहिलं. जीभ टाळूला चिकटली, छातीत हवा भरलेली, अन् आवाज नाही. ती वाकलेली, गवत हलतंय, अन् मी आ करून उभा. माझ्या हाती कॅमेरा असता तर बोट चाललं असतं की नाही, सांगता येत नाही. पण आवाज आला नाही. हे मी लिहिलं नसतं, पण खोटं लिहिणार नाही म्हटलंय.

पाय मात्र चालले. कसे, ते ठाऊक नाही. पराट्या मोडत, बोंडं धोतराला ओढत, मी गवत अन् ती यांच्या मधी जाऊन उभा राहिलो, रानाकडं तोंड करून. गवतातून काय निघून गेलं ते मला दिसलं नाही. डुक्कर असेल. पुढं पलीकडच्या काठावर सुकलेली काटकी मोडल्याचा आवाज आला, अन् मग काही नाही.

मागून रेखाचा आवाज आला. "मामाजी? कवा आले? पराट्या काऊन मोडल्या? भाकर खाल्ली का?"

मी वळलो नाही. डोक्यावरचा दुपट्टा सोडला अन् हात मागं करून तिच्याजवळच्या पराटीवर टाकला. आमच्यात सासरा सुनेच्या डोक्याला हात लावत नाही. "बांध," म्हटलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

तिनं दुपट्टा उचलला. मग म्हणाली, "तुमाले दिसलं काय?"

"दिसलं. बेल्लमपल्लीले जाऊन दिसलं."

"मिशी हाये त्याले, मामाजी. मले कशी शोभन?"

"शोभन. माहीच हाये."

ती हसली. कापड बांधल्याची सळसळ ऐकू आली. "आन तुमच्या मागं कोन पाहीन?"

"माह्या मागं तू हायेस ना. वेच आता. उजेड हाये तवर."

शेवटची वेचणी आम्ही अशीच काढली. ती वेचायची अन् मी तिच्या पाठीला पाठ देऊन रानाकडं पाहत उभा. गावातले हसायचे, म्हणायचे, वाघवाला बाबा आता बुजगावणं झाला. हसू द्या. गुडघ्याचं मी आता कोणाला सांगत नाही. भेव वाटत होतं, रोज, गवत हललं की. पण तोंड मी फिरवलं नाही, अन् मागं तिचे हात कापसात चाललेले ऐकू येत होते.